घाणा अकरावा: मोत्याच्या पोटातला पांढरा ठिपका

गेला! बबल टी, म्हणजे मूळचा तैवानचा गार दुधाळ चहा, त्यात घालायचे टॅपिओकाचे मऊ-चिवट मोती मी घरी करतेय. त्यांच्या पोटातला, तीन आठवडे छळणारा तो पांढरा ठिपका काल रात्री गेला. सात मोती सुरीने मधोमध कापून दिव्यासमोर धरले. सातही आरपार, पातळ काकवीच्या रंगाचे. आठवा कापायला घेतला होता, तो तसाच तोंडात टाकला.

मागच्या नोंदीत कुठे अडलं होतं ते आठवत असेल. वरून मऊ, कडेला छान ताण, आणि ऐन मध्यावर दाताखाली खडूचा कण. उकळायची वेळ मी २० मिनिटांवरून ३० वर नेली, मग ४५ वर. पंचेचाळीसला बाहेरचा थर सुटून पातेल्यात खळ झाली, पण ठिपका आपल्या जागी गुण्यागोविंदाने होता. धाकट्या बहिणीने वाटीत डोकावून विचारलं, "ताई, माशाचे डोळे उकडलेस का?" त्या दिवशी चहा नुसताच प्यायलो.

आधी संशय आकारावर गेला. १० मिलिमीटरचे सोडून ७ चे वळले. ठिपका लहान झाला, इतकंच. मग पाणी वाढवलं: १०० ग्रॅम मोत्यांना दीड लिटर, पाणी खळखळलं की मगच मोती टाकायचे, वर तरंगेपर्यंत हलक्या हाताने ढवळायचं, नंतर गॅस बंद करून अर्धा तास झाकून ठेवायचे. तुम्ही सगळ्यांनी हेच सांगितलं होतं आणि ते बरोबरच आहे. माझं दुखणं वेगळं निघालं.

आपलं नेहमीचं प्रमाण १०० ग्रॅम टॅपिओका स्टार्च (कसाव्हाच्या कंदातून काढलेलं सत्त्व), ६० मिली पाणी, ४० ग्रॅम ब्राउन शुगर. आठव्या घाण्यापासून मी गडद रंगाच्या हव्यासापायी साखर ७० ग्रॅमवर नेली होती. आता हा स्टार्च साधारण ६० ते ७० अंशांच्या दरम्यान पाणी पिऊन फुगतो आणि पारदर्शक होतो. भरपूर साखर असली की ती त्याच पाण्यात वाटेकरी होते आणि स्टार्च फुगायचं तापमानही वर जातं. त्यात मोत्याचा बाहेरचा थर आधी शिजून रबरासारखा बंद होतो, मग पातेल्यातलं पाणी आत पोचायला मारामार.

खात्री करायला दहाव्या घाण्यात दोन गोळे मळले, एक ७० ग्रॅम साखरेचा आणि एक २० चा. एकच पातेलं, एकच वेळ. रंगावरून वेगळे ओळखता येत होते. सत्तरवाल्यात ठिपका, वीसवाल्यात नाही. स्वयंपाकघरात एकटीच नाचले.

पण वीसचे मोती दिसायला ओल्या वाळूसारखे फिकट. कोको घालून पाहायचं ठरवलं होतं, मग डोक्यात आलं की रंगासाठी साखर जास्त कशाला, जास्त जाळलेली का नको? अकराव्या घाण्यात २० ग्रॅम साधी साखर कोरडीच कॉफीच्या रंगाची होईपर्यंत जाळली आणि वर ६० मिली गरम पाणी ओतलं. (लांबून ओता. फारच जोरात उडतं, माझ्या मनगटावर खूण आहे.) आधी खडे धरतात, ते विरघळेपर्यंत उकळायचं. तो उकळता पाक एक तृतीयांश स्टार्चवर ओतला की गोंदासारखा चिकट, चमकदार लगदा होतो. त्यात उरलेला स्टार्च मळायचा. पाक जरा निवला तर गोळा धरतच नाही. दाबलं की घट्ट, सोडलं की हातातून ओघळतो.

या वेळी पातेलं वजनकाट्यावर ठेवून उकळताना उडालेलं पाणी परत भरलं. तब्बल १४ ग्रॅम!

थांबा. हे लिहिताना ट्यूब पेटली. सत्तरवाला पाक मी दहाव्या घाण्यातही बराच वेळ आटवला होता, साखर विरघळायला वेळ लागत होता म्हणून. वीसवाला मिनिटभरात झाला. वजन दोन्हीचं केलं नव्हतं. म्हणजे सत्तरवाल्या गोळ्यात पाणीच कमी गेलं असणार, आणि मी सगळं खापर साखरेच्या माथी फोडून मोकळी झाले. माझा नाच जरा लवकरच झाला म्हणायचा. तेव्हा बाराव्या घाण्यात फ्रीझरचा प्रयोग करणार होते तो पुढे ढकलला. पुन्हा ७० आणि २०, पण दोन्हीत उडालेलं पाणी मोजून भरायचं.

वजनकाटा नसेल तर बाकी काहीही विकत घेण्याआधी तो घ्या. थर्मामीटर मी हौसेने आणला, तो ड्रॉवरमध्ये पडून आहे. मोती गोल वळणंही सोडलं, एका घाण्याचे सातशेच्या आसपास होतात आणि मान धरते. दोऱ्या लाटून सुरीने तुकडे पाडते. कोपरे उकळताना बरेच बोथट होतात. १२ मिलिमीटरच्या स्ट्रॉला त्याची पर्वा नाही.

नववा घाणा मी मोजतच नाही, कारण तो विक्रेत्याच्या नावावर. ऑनलाइन मागवलेल्या पाकिटावर टॅपिओका लिहिलेलं, आत कसाव्हाचं पीठ. अख्खा कंद वाळवून दळलेला, चोथ्यासकट. गोळा भुसभुशीत, मोती उकळत्या पाण्यात फुटले. नवं पाकीट आलं की चिमूट बोटांत दाबून बघा. शुद्ध स्टार्च करकरतो, हे पीठ मुकाट बसतं.

चहाचं आता जमलंय. १२ ग्रॅम पत्ती, २५० मिली उकळतं पाणी, पाच मिनिटं, गाळून गार. बर्फ वितळून पातळ होणार म्हणून दुप्पट कडक. गार झाल्यावर गढूळ दिसला तर ओतून देऊ नका, चहातलं कॅफीन आणि तुरट घटक एकत्र येऊन तसं होतं. दुधात ते दिसतही नाही. शेकरमध्ये बर्फासकट हलवाच. तैवानमध्ये हा प्रकार हलवून फेस काढलेल्या चहातूनच पुढे आला.

आणि शिजलेले मोती फ्रिजमध्ये ठेवू नका, हे मी तिसऱ्यांदा लिहितेय. गारव्याने स्टार्च पुन्हा घट्ट होतो आणि तैवानी लोक ज्याला 'क्यू' म्हणतात तो दाताला परत ढकलणारा मऊपणा जातो. कोमट पाकात, बाहेर, फार तर चार तास. कालचे मी साडेतीन तासांनी पुन्हा चाखले, शाबूत होते. बहिणीने वाटी पुढे केली, माशांबद्दल काही बोलली नाही.