नवतप्यातला हिशेब

२७ मे, रात्र

दुपारी दोनला बर्डीहून आले तर घर भट्टीसारखं तापलेलं. हे डोक्यावर ओला पंचा घेऊन खाटेवर बसलेले. "अहो, लाइट गेली का?"

"नाही गं. तू येईपर्यंत बंद ठेवला कूलर. बिल पाहिलंस ना परवा?"

कूलरच्या गवती ताट्यांना हात लावला, कोरड्याठाक. म्हणजे सकाळपासूनच बंद होता. नवतपा, म्हणजे मेअखेरचे ते नऊ तापलेले दिवस, लागलेला, पारा पंचेचाळिसाला टेकलेला, आणि अडुसष्टाव्या वर्षी हे बिलासाठी जीव धोक्यात घालून बसले! मला रडूच कोसळलं. पाइप लावून आधी टाकी भरली, कूलर सुरू केला आणि मगच त्यांच्याशी बोलले.

रात्री दोन वर्षांच्या वह्या काढल्या. निवृत्तीचे १५ लाख २०२३ मध्ये पोस्टाच्या ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत ठेवले, ८.२ टक्क्यांनी. दर तिमाहीला ३०,७५० रुपये येतात, म्हणजे महिन्याला १०,२५०. पेन्शन २,७००, मागच्या खोलीचं भाडं ५,०००. एकूण १७,९५०. व्याजाचा दर पाच वर्षं तोच, तूरडाळ मात्र आपल्यासाठी थांबत नाही.

तरीही जुलै ते फेब्रुवारी सगळं नीट निभतं. दिवाळीसुद्धा. दर वर्षी हिशेब मोडतो तो उन्हाळ्यातच, आणि ते मला आज वह्या शेजारी शेजारी ठेवल्यावर दिसलं. वर्षाचे गहू, डाळ, भिवापुरी मिरची इतवारीतून याच दिवसांत भरायची. कूलरच्या ताट्या, पंप याच दिवसांत. विजेचे युनिट तीनशेच्या वर गेले की वरच्या युनिटांचा दर चढतो, तेही आताच. आम्ही मात्र बारा महिने सारखेच धरून खर्च मांडत होतो. नागपुरात बारा महिने सारखे कधी असतात का?

म्हणून आज वर्षाचा आकडा काढला. धान्य-तिखट १४,०००, घरपट्टी ३,६००, कूलर १,२००, उन्हाळ्यातलं जास्तीचं बिल ५,२००. बेरीज २४,०००. महिन्याला २,००० झाले. एवढे आधीच बाजूला काढायचे आणि घर उरलेल्या १५,९५० वर चालवायचं. भाजी गोकुळपेठेऐवजी बुधवारच्या बाजारातून आणायची. डॉक्टरांना विचारून बीपीच्या गोळ्या जनऔषधीतून घ्यायच्या. औषध आणि कूलर यांत काटकसर नाही, हे मी वहीत पहिल्याच ओळीत लिहिलं आणि त्याखाली यांची सही घेतली.

सही करताना म्हणाले, "पुढच्या उन्हाळ्यापर्यंत २४,००० जमतील, पण या मेचं काय?" या मेचं बिल माझ्या भिशीच्या पैशांतून जाईल. त्यावर ते काही बोलले नाहीत. उठले, टाकीत किती पाणी आहे ते बघून आले आणि पुन्हा पाइप लावला.