आमची वाटचाल: सोलापूरचा टॉवेल, एडनचं आखात आणि नौदलाचा पहारा

अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या आमच्या शेडमध्ये टेरी टॉवेल विणला जातो. सुरुवातीला माल मुंबईच्या मर्चंट एक्सपोर्टरला द्यायचा आणि बिल वसूल करायचं, एवढाच व्यवहार होता. पुढे स्वतःचा आयईसी (आयात-निर्यात परवाना क्रमांक) काढला, एफओबी भावाने, म्हणजे जहाजावर माल चढवेपर्यंतचाच खर्च धरून, माल देऊ लागलो आणि आता बहुतेक ऑर्डरी सीआयएफ घेतो. सीआयएफ म्हणजे भाडं आणि विमा दोन्ही आपल्या गळ्यात. तिथपासून येमेन आणि सोमालिया यांच्यामधलं एडनचं आखात आमच्या कॉस्टिंगच्या कागदावर आलं. चाच्यांना लष्करी बळाने उत्तर द्यावं का, या प्रश्नावर आमचं मतही तिथेच पक्कं झालं: द्यावंच. फक्त जहाजाची स्वतःची तयारी, ओळख पटवून केलेली कारवाई आणि पकडलेल्यांवर चालणारा खटला हे तिन्ही सोबत नसतील, तर युद्धनौका नुसती फिरत राहते.

चाच्यांची पद्धत आधी समजून घ्यायला हवी. पळवून नेलेली मच्छीमार बोट किंवा ढाव (पारंपरिक लाकडी गलबत) हे त्यांचं मुख्य जहाज. त्यातून इंधन, पाणी आणि दोन-तीन छोट्या वेगवान होड्या खोल समुद्रात नेतात. होडी २५ नॉटच्या (ताशी २५ सागरी मैलांच्या) आसपास पळते, व्यापारी जहाज १२ ते १४ नॉटने. आकडे लावलेली शिडी कठड्याला अडकवायची आणि वर चढायचं. होडी दिसल्यापासून माणसं डेकवर येईपर्यंत कप्तानाच्या हातात बऱ्याचदा पाव ते अर्धा तास असतो. तेवढ्या वेळात युद्धनौका जवळ नसेल, तर ती कितीही ताकदीची असली तरी उपयोग नाही. म्हणून पहिली मिनिटं जहाजानेच सांभाळायची असतात: वेग वाढवायचा, वळणं घेत लाटा उठवायच्या, कठड्याला काटेरी तारेची वेटोळी, पाण्याचे होज चालू आणि शेवटी सगळ्या खलाशांनी आतल्या मजबूत खोलीत स्वतःला कोंडून घ्यायचं. त्या खोलीत बाहेरच्याशी बोलायला स्वतंत्र संपर्कयंत्रणा हवी आणि एकही माणूस बाहेर राहता कामा नये. एक जरी खलाशी चाच्यांच्या हाती लागला, तरी कमांडोंना जहाजावर उतरणं अवघड होतं. पाण्यापासून डेक उंच आणि वेग १८ नॉटच्या वर असेल, तर चाचे सहसा यशस्वी होत नाहीत. आमचा माल अशाच उंच, वेगवान कंटेनर जहाजांवर जातो. खरी भीती हळू चालणाऱ्या, पाण्याला टेकलेल्या बल्क (सुटा माल नेणाऱ्या) आणि टँकर जहाजांना असते.

नौदलाने काय साधलं, ते २००८ नंतरच्या एडनच्या आखातात दिसतं. ऑक्टोबर २००८ पासून भारतीय नौदलाची जहाजं तिथे आहेत. त्याच वर्षी डिसेंबरात युरोपीय संघाची अटालांटा मोहीम सुरू झाली, नाटोही उतरलं. आखातातून सुमारे ४९० सागरी मैलांचा एक मार्ग आखला गेला: जाण्यायेण्याच्या दोन पट्ट्या, प्रत्येकी ५ मैल रुंद, मध्ये २ मैल मोकळे. जहाजांना वेगानुसार गटात बांधून अशा वेळेला सोडायचं, की सर्वांत धोक्याचा टापू सगळी एकत्र पार करतील. नौदलाला अख्ख्या समुद्राऐवजी एक पट्टा राखावा लागला, ही यातली खरी अक्कल. सोमाली चाच्यांच्या नावावर २०११ मध्ये २३७ हल्ले नोंदले गेले, २०१२ मध्ये ७५ आणि २०१३ मध्ये १५. याच काळात जहाजांवर खासगी सशस्त्र रक्षकही आले. म्हणून हे यश एकट्या युद्धनौकांचं म्हणता येत नाही, पण त्यांच्याशिवाय आकडा असा कोसळला नसता. पावसाळ्यात समुद्र खवळला की छोट्या होड्या निघत नाहीत, हल्ले आपोआप घटतात. ती घट नौदलाच्या खात्यावर मांडू नये.

बळ चुकतं कुठे, हेही तितकंच स्पष्ट सांगायला हवं. नोव्हेंबर २००८ मध्ये आयएनएस तबरने चाच्यांचं मुख्य जहाज म्हणून जे बुडवलं, ते पळवलेलं थाई मच्छीमार जहाज होतं. ओलीस खलाशी त्याच्यावरच होते. वाचलेला एकच सापडला. बोटीवरून आधी युद्धनौका उडवून देण्याची धमकी आली होती हे खरं. पण चाच्यांचं मुख्य जहाज बहुतेक वेळा कुणाचं तरी पळवलेलं असतं आणि मूळचे खलाशी आत असतात, हे धरूनच तोफेचा निर्णय व्हायला हवा. दुसरी घटना फेब्रुवारी २०१२ ची. एन्रिका लेक्सी या इटालियन तेलवाहू जहाजावरच्या नौसैनिकांनी चाचे समजून गोळ्या झाडल्या आणि केरळचे दोन मच्छीमार गेले. त्या वेळी विमा आणि जहाज कंपन्यांचं ‘अतिधोक्याचं क्षेत्र’ ७८ अंश पूर्व रेखांशापर्यंत, म्हणजे थेट आपल्या पश्चिम किनाऱ्यापर्यंत ताणलं होतं. नकाशावर धोका दाखवला, की बंदूक घेऊन उभ्या असलेल्या माणसाला जवळ येणारी प्रत्येक होडी चाच्याची वाटते. कोकणातला मच्छीमार जाळं वाचवायला मोठ्या जहाजाच्या आडवा जातो, हे त्याला कुठून ठाऊक असणार? डिसेंबर २०१५ मध्ये ती हद्द मागे ६५ अंशांवर गेली, तेव्हा आपल्या किनाऱ्यालगतचं पाणी त्यातून सुटलं.

बळ बरोबर कसं वापरायचं, याचा नमुना म्हणजे मार्च २०२४ ची एमव्ही रुएनची सुटका. डिसेंबर २०२३ मध्ये पळवलेलं हे मालवाहू जहाज चाचे आता मुख्य जहाज म्हणून वापरत होते. आयएनएस कोलकाताने ते अडवलं, आधी त्याची चाल बंद पाडली, मग थांबली. सी-१७ विमानातून नौदलाचे मार्कोस कमांडो समुद्रात उतरवले. कारवाई सुमारे ४० तास चालली, ३५ चाचे शरण आले आणि १७ खलाशी सुखरूप निघाले. जहाज बुडवलं असतं तर काम तासाभरात संपलं असतं, आणि ते १७ जणही.

त्या ३५ जणांना मुंबईत आणून पोलिसांच्या ताब्यात दिलं, ही बाब आम्हाला कारवाईइतकीच मोलाची वाटते. पूर्वी अनेक देशांची नौदलं चाच्यांना पकडायची, हत्यारं पाण्यात टाकायची आणि माणसं किनाऱ्यावर सोडून द्यायची, कारण खटला कुठे चालवायचा हेच ठरत नसे. आपल्याकडेही चाचेगिरीसाठी वेगळा कायदा नव्हता; २०११ मध्ये पकडलेल्यांचे खटले मुंबईत भारतीय दंड संहितेवर वर्षानुवर्षं चालले. २०२२ च्या चाचेगिरीविरोधी कायद्याने ही उणीव भरली: जन्मठेपेपर्यंत शिक्षा, कुणाचा जीव गेला तर फाशीपर्यंत.

किनाऱ्याचा प्रश्न मात्र युद्धनौकेच्या आवाक्याबाहेरचा. १९९१ मध्ये सोमालियाचं सरकार कोसळलं, परक्या ट्रॉलरांनी तिथली मासळी ओरबाडली आणि पुढे खंडणीचा धंदा उभा राहिला. ओलीस जहाज महिनोन्महिने नांगरून ठेवायला सुरक्षित किनारा लागतो. तो मिळतो तोवर पहारा हटवता येत नाही. मलाक्काच्या सामुद्रधुनीत उलट झालं. इंडोनेशिया, मलेशिया आणि सिंगापूर या चालत्या सरकारांनी २००४ पासून जोडीने गस्त घातली. लंडनच्या विमा बाजाराने २००५ मध्ये तो भाग युद्धजोखमीच्या यादीत टाकला होता, तो २००६ मध्ये काढला.

लाल समुद्रातले येमेनच्या हुथी बंडखोरांचे हल्ले चाचेगिरीत मोडत नाहीत. चाच्याला जहाज आणि खंडणी हवी असते, क्षेपणास्त्र डागणाऱ्याला राजकारण. त्यामुळे तिथे काटेरी तार आणि रक्षक कामाचे नाहीत, आणि युद्धनौका असूनही मोठ्या कंपन्यांनी जहाजं आफ्रिकेच्या दक्षिण टोकाकडून, केप ऑफ गुड होपला वळसा घालून नेली. न्हावाशेवा ते रॉटरडॅम अंतर साधारण ४ हजार सागरी मैलांनी वाढतं. इथे टॉवेलचं नुकसान दमटपणाने होतं: आपल्याकडची उष्ण दमट हवा कंटेनरमध्ये कोंडली जाते, दक्षिणेच्या थंडीत छताला पाणी सुटतं आणि वरच्या कार्टनवर टपकतं. म्हणून टंबल ड्रायरमधून निघालेला टॉवेल पूर्ण गार झाल्याशिवाय पॉलिबॅगमध्ये भरत नाही, कापसाचा ओलावा साडेआठ टक्क्यांच्या वर असला तर पॅकिंग थांबवतो, आणि कंटेनरच्या प्लायवूडच्या तळाला मीटर लावून १८ टक्क्यांच्या वर आकडा आला तर कंटेनर परत पाठवतो. ओलावा शोषणाऱ्या कॅल्शियम क्लोराईडच्या पिशव्या लांबच्या वाटेला जास्त टांगतो.

विम्यातही हाच फरक आहे, आणि सोलापुरातले अनेक कारखानदार तिथेच फसतात. कार्गो विम्याच्या ‘ए’, ‘बी’, ‘सी’ अशा तीन प्रमाण कलमांपैकी सर्वांत व्यापक ‘ए’ मध्ये चाचेगिरी येते. ‘बी’ आणि ‘सी’ मध्ये ती नाही. क्षेपणास्त्राचं नुकसान ‘ए’ मध्येही नाही. त्याला युद्धाचं कलम वेगळं घ्यावं लागतं, आणि विमा कंपनी ते सात दिवसांच्या नोटिशीवर रद्द करू शकते. उशिराचं नुकसान यापैकी कशातच मिळत नाही. जहाज खंडणी देऊन सुटलं, तर ती रक्कम सर्वसाधारण हानी म्हणून जहाज आणि सगळ्या मालावर वाटली जाऊ शकते. विमा नसेल तर आपला टॉवेल शाबूत असूनही रोख ठेव भरल्याशिवाय सुटत नाही. एफओबी करणाऱ्यांनी विमा खरेदीदाराचा आहे म्हणून निश्चिंत राहू नये. खरेदीदाराने माल नाकारला, तर त्याची पॉलिसी आपल्या कामाची नाही. विक्रेत्याचं आकस्मिक संरक्षण वेगळं घ्यावं आणि एलसी (बँकेचं पतपत्र) उघडण्याआधी पॉलिसीवर ‘ए’ आणि युद्ध ही दोन्ही कलमं छापलेली आहेत का, ते डोळ्यांनी पाहावं.