फिल्टरचा मीडिया किती दिवसांनी बदलता? तुम्ही विचारलंत म्हणून

आमच्याकडे कोणीही आलं की आधी हॉलमधल्या कासवाच्या टँकसमोर उभं राहतं आणि मग तोच प्रश्न येतो, "पाणी एवढं नितळ कसं काय? फिल्टरमध्ये मीडिया कोणता टाकता नं किती दिवसांनी बदलता?" (मीडिया म्हणजे फिल्टरच्या आत भरलेला स्पंज, रिंग्ज वगैरे, ज्यातून पाणी जातं.) मागच्या आठवड्यात शेजारच्या काकूंच्या भाच्याचा फोन आला, त्याने दीड महिन्यापूर्वी कासवाचं पिल्लू आणलंय. तो म्हणे, "ताई, दर रविवारी अख्खा स्पंज नवा टाकून राहिलो, तरी पाणी वास मारून राहिलं, काहून?" त्याला फोनवर सांगितलं तेच इथे जरा सविस्तर लिहिते, कारण हा प्रश्न विचारणारा तो एकटा नाही.

सगळा मीडिया एकदम मी कधीच बदलत नाही. सिरॅमिक रिंग्ज (चिनीमातीची छिद्राछिद्रांची छोटी कडी) तर सहा वर्षांपासून त्याच आहेत. लोकांना हे पटत नाही.

का पटत नाही ते मला कळतं. आपण नागपूरचे लोक, मार्च लागला की कूलर बाहेर काढतो, जुनं काळं पडलेलं गवत फेकतो, नवं लावतो, आणि मग हवा कशी मस्त सुगंधी येते. तेच डोक्यात असतं, की फिल्टरमधला स्पंजही तसाच, मळला की फेका. पण फिल्टरचा मीडिया कूलरच्या गवतासारखा नसतो, तो विरजणासारखा असतो. घरातलं सगळं विरजण घासून धुऊन टाकलं तर उद्या दही कशाचं लावणार?

म्हणजे होतं काय, कासव खातं, घाण करतं, अर्धा दाणा पाण्यात तसाच राहून कुजतो आणि या सगळ्यातून अमोनिया तयार होतो. हा अमोनिया डोळ्यांना दिसत नाही, पाणी काचेसारखं स्वच्छ असलं तरी असू शकतो. मीडियाच्या छिद्राछिद्रांत एक प्रकारचे बॅक्टेरिया राहतात ते अमोनियाचा नायट्राइट करतात, दुसऱ्या प्रकारचे त्या नायट्राइटचा नायट्रेट करतात, आणि नायट्रेट बराच कमी त्रासाचा, तो दर आठवड्याला थोडं पाणी बदललं की निघून जातो. ही वसाहत नव्या टँकमध्ये बसायला चार ते सहा आठवडे लागतात. स्पंजवरचा तो तपकिरी बुळबुळीत थर दिसतो नं, त्यातलं बरंचसं हेच आहे. भाचा दर रविवारी तोच थर कचऱ्यात टाकत होता आणि सोमवारी शून्यापासून सुरुवात.

हे मी पुस्तकी सांगत नाहीये. 2019 च्या दिवाळीत घराची साफसफाई चालली होती, त्या भरात मी फिल्टरही उघडला आणि स्पंज, रिंग्ज, सगळं अंगणातल्या नळाखाली धरून पांढरंशुभ्र होईपर्यंत धुतलं. नळाला कॉर्पोरेशनचं पाणी, त्यात क्लोरीन, म्हणजे जे घासून गेलं नसेल ते क्लोरीनने मेलं असणार. चौथ्या दिवशी पाणी दुधाळ झालं. सहाव्या दिवशी आमच्या ठकीने (रेड इअर्ड स्लायडर जातीचं कासव आहे, तेव्हा जेमतेम चार इंचाची होती) खाणं सोडलं आणि तिचे दोन्ही डोळे सुजून बंद झाले. ती आपली बास्किंगच्या, म्हणजे ऊन खायच्या फळीवर मान आत घेऊन बसलेली, मला अजूनही ते चित्र आठवलं की वाईट वाटतं. डॉक्टरांनी आधी विचारलं खायला काय देता, कारण व्हिटॅमिन ए कमी पडलं तरी डोळे असेच सुजतात, आणि मग म्हणाले पाण्याचा अमोनिया मोजा. टेस्ट किटची नळी गडद हिरवी झाली. शून्य असायला पाहिजे तो अमोनिया. त्यानंतर महिनाभर मी रोज थोडं थोडं पाणी बदलत बसले तेव्हा ती सावरली. कासव हवेत श्वास घेतं म्हणून माशासारखं पटकन मरत नाही, पण म्हणूनच आपल्या उशिरा लक्षात येतं, तोवर डोळे, कातडी, कवच सगळ्याला त्रास होऊन गेलेला असतो.

आता माझ्या फिल्टरमध्ये काय आहे ते. टँक चार फुटी, पाणी साधारण 270 लिटर, आणि फिल्टर मात्र 700 लिटरच्या टँकसाठी म्हणून विकतात तो कॅनिस्टर, म्हणजे बंद डब्याचा फिल्टर. डब्यावर लिहिलेला आकडा माशांच्या हिशोबाने असतो, कासवाची घाण त्याच्या कितीतरी पट, त्यामुळे दुप्पट-तिप्पट ताकदीचा घ्यावाच लागतो, इथे पैसे वाचवू नका. माझ्या कॅनिस्टरमध्ये पाणी खालून वर चढतं म्हणून सगळ्यात खाली मोठ्या छिद्रांचा जाड स्पंज, मग मध्यम, मग बारीक फायबर आणि सगळ्यात वर सिरॅमिक रिंग्ज. तुमच्यात पाणी उलट जात असेल तर क्रमही उलटा, मुद्दा एवढाच की गाळ आधी अडला पाहिजे आणि रिंग्जपर्यंत स्वच्छ पाणी पोचलं पाहिजे, नाहीतर त्यांची छिद्रं बुजतात आणि महागाच्या रिंग्ज नुसते दगड होऊन बसतात. बारीक फायबर मी इतवारीतून आणते, उशीत भरायचा पॉलिस्टरचा, बिनवासाचा, बिनरंगाचा. खरा कापूस नको, तो पाण्यात कुजतो. हा फायबर तेवढा दर आठ-दहा दिवसांनी फेकायचा, त्यात जीव गुंतवायचा नाही. रिंग्ज परवडत नसतील तर भांडी घासायची प्लास्टिकची जाळीदार घासणी घाला, नवी, साबण न लागलेली, तारेची नाही. पहिली दोन वर्षं माझं त्यावरच भागलं.

कार्बनबद्दल सगळे विचारतात कारण दुकानदार तो आधी हातात देतो. अॅक्टिव्हेटेड कार्बन वास आणि पिवळेपणा ओढतो, अमोनिया ओढत नाही, आणि तीन-चार आठवड्यांत भरून जातो, मग नुसती जागा अडवतो. मी तो रोजच्या वापरात ठेवतच नाही. पाण्यात औषध टाकलं असेल तर त्या काळात तो काढूनच ठेवायचा, नाहीतर औषधच ओढून घेईल, आणि कोर्स संपला की उरलेलं औषध काढायला परत घालायचा. अमोनिया ओढतो तो झिओलाइट, एक प्रकारचे खनिज खडे. त्याचं एक पाकीट अडीअडचणीसाठी कपाटात असतं, फक्त तो टाकलेला असताना टँकमध्ये मीठ टाकायचं नाही, मिठाने तो धरलेला अमोनिया परत सोडतो.

धुण्याचं म्हणाल तर तीन-चार आठवड्यांतून एकदा, प्रवाह मंदावला की. टँकमधलंच पाणी बादलीत काढायचं आणि त्यात जाड स्पंज तीन-चारदा पिळायचा, बस. पाणी चहासारखं होतं. स्पंज पांढरा करायचा नाही. रिंग्ज वर्षातून दोनदा फक्त खळबळून घेते, आणि ज्या दिवशी रिंग्ज त्या दिवशी स्पंजला हात नाही. स्पंज फाटायला आला तर अर्धा कापून नवा जोडते, उरलेला अर्धा दीड महिन्याने. हे सगळं बाथरूममध्ये, स्वयंपाकघराच्या सिंकमध्ये कधीच नाही, कासवाच्या अंगावर साल्मोनेला (पोट बिघडवणारा जंतू) असू शकतो, घरात लहान मूल असेल तर जास्तच सांभाळा, आणि नंतर साबणाने हात धुवा. बादलीतलं पाणी मोगऱ्याला घाला, मस्त फुलतो, कोथिंबिरीला मात्र नको.

आणि आपला उन्हाळा. नवतपात (मे अखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस) पाणी तापलं की त्यात ऑक्सिजन कमी राहतो, आणि बॅक्टेरियाला तर ऑक्सिजन लागतो. शिवाय पाणी गरम आणि पीएच जास्त असेल तर तेवढ्याच अमोनियाचा जास्त भाग विषारी रूपात असतो. आमच्याकडे टँकला बोअरचं जड पाणी, कूलरच्या जाळीवर पांढरा थर चढतो तसा टँकच्या काचेवरही चढतो, त्याचा एक फायदा म्हणजे बॅक्टेरियाचं काम चालू असताना पीएच धपकन पडत नाही, पण उन्हाळ्यात तेच जड पाणी अमोनिया महागात पाडतं. म्हणून एप्रिल-मे मध्ये मी दाणा कमी करते आणि पाणी जास्त वेळा बदलते. लाइट गेली तर बंद कॅनिस्टर दोन-तीन तासांपेक्षा जास्त तसाच ठेवू नका, आतला ऑक्सिजन संपून बॅक्टेरिया मरायला लागतात आणि लाइट आल्यावर ते सडकं पाणी सरळ टँकमध्ये येतं. मी झाकण उघडून मीडिया परातीत पसरते, टँकचं पाणी शिंपडून ओला ठेवते, आणि सुरू करायच्या आधी डब्यातलं पाणी फेकते.

एवढं मनापासून सांगायचं कारण वेगळं आहे. वास मारायला लागला की घरचे कंटाळतात आणि मग कोणीतरी रात्री ते कासव फुटाळा नाहीतर अंबाझरी तलावात सोडून येतं. हे अमेरिकेतलं कासव, जगातल्या 100 सगळ्यात घातक परकीय प्रजातींच्या यादीत त्याचं नाव आहे, आपल्या तलावातल्या कासवांचं खाणं आणि उन्हाची जागा ते बळकावतं. आणि आपली देशी कासवं तर 1972 च्या वन्यजीव कायद्याने संरक्षित आहेत, ती घरी ठेवायचीच नाहीत. भाच्याला मी पहिलं हेच विचारलं की डोळ्यामागे लाल पट्टा आहे नं.

आहे म्हणाला. येत्या रविवारी तो माझ्या जाड स्पंजाचा एक तुकडा न्यायला येतोय, त्याच्या फिल्टरला विरजण म्हणून. ठकी ठणठणीत आहे म्हणून देतेय, आजारी कासवाच्या टँकमधला स्पंज कोणाला देऊ नका. घट्ट झाकणाचा डबा आणायला सांगितलाय, माझ्या टँकचं पाणी भरून देईन, आणि रस्त्यात कुठे न थांबता सरळ घरी जा म्हटलंय.