रजिस्टरमधले दोन रकाने

समुपदेशक म्हणून माझ्या रजिस्टरमध्ये दोन रकाने शेजारी शेजारी आहेत: एचआयव्ही आणि हिपॅटायटिस सी, म्हणजे विषाणूमुळे होणारा यकृताचा आजार. दोन्हीकडे 'पॉझिटिव्ह' लिहिताना हात अजूनही क्षणभर थांबतो.

एचआयव्हीसह जगणाऱ्यांपैकी जगभरात सुमारे २३ लाख लोकांना हिपॅटायटिस सीचीही लागण झाल्याचा अंदाज आहे. त्यातले निम्म्याहून अधिक इंजेक्शनने नशा करणारे. हिपॅटायटिस सी मुख्यतः रक्तातून पसरतो, म्हणून एकच सुई दोघांत फिरली की दोन्ही विषाणू सोबत येऊ शकतात. लैंगिक संबंधातून एचआयव्ही झालेल्यांच्या दुसऱ्या रकान्यात बहुतेकदा 'निगेटिव्ह'च असतं. मात्र २००० नंतर युरोपातल्या काही शहरांत एचआयव्ही असलेल्या समलिंगी पुरुषांमध्ये हिपॅटायटिस सी लैंगिक संबंधांतूनही पसरला. आणि हिमोफिलियाचे, म्हणजे रक्त नीट न गोठण्याच्या आजाराचे, जुने रुग्ण? त्यांच्यातल्या अनेकांना तर औषध म्हणून दिलेल्या रक्तघटकांनीच दोन्ही आजार दिले. याचा मला आजही राग येतो.

या आकड्यांत पुरुष जास्त, म्हणून बायका नजरेआड होतात. एक ताई रिपोर्टची घडी मुठीत धरून बसल्या होत्या. म्हणाल्या, "आधी नवरा टोचून घ्यायचा, मग तीच सुई मला." त्यांची वेळ येईपर्यंत सुई नेहमी वापरलेलीच असायची. हे कुठल्या रकान्यात लिहू?

हिपॅटायटिस सी गोळ्यांनी बरा होतो, साधारण १२ आठवड्यांत, शंभरातल्या ९५ हून अधिक जणांचा. एचआयव्ही असला तरीही. ताईंना हे सांगितलं तेव्हा त्यांनी ती घडी उलगडली आणि पहिल्यांदा नीट वाचली.