वाईतल्या जुन्या घराच्या खिडक्या

मी खिडक्यांचं काम करतो, अॅल्युमिनियम आणि यूपीव्हीसी (कडक प्लास्टिक) दोन्ही. मागच्या उन्हाळ्यात वाईत एका जुन्या घराची मापं घ्यायला गेलो होतो, चुन्यातलं बांधकाम, भिंती चांगल्या दीड-दोन फुटी. घरमालक काकांचं एकच म्हणणं, सगळ्या काढा, स्लायडिंग बसवा, पावसाच्या आत पाहिजे.

जुन्या घरात एका मापावर भागत नाही. रुंदी वर, मध्ये, खाली अशी तीन ठिकाणी घ्यायची, उंचीही तशीच, मग कोपऱ्याला कोपरा तिरकं माप दोन्हीकडून, म्हणजे चौकट गुण्यात (काटकोनात) आहे का कळतं, आणि ऑर्डर देताना सगळ्यात लहान माप धरायचं कारण टफन (तापवून कडक केलेली) काच नंतर कापता येत नाही. मागच्या खोलीत तिरकी मापं पाऊण इंचाने वेगळी आली आणि चौकटीच्या वरचं लाकूड मधोमध खाली झुकलेलं. मिस्त्रींनी तिथला गिलावा खरवडला, स्क्रूड्रायव्हर टोचला तर मुठीपर्यंत आत. वाळवी!

म्हणजे भिंतीचा भार ज्या लाकडाने घ्यायचा तो कित्येक वर्षं ती बिचारी सागवानी चौकट घेत होती. कोणी पहार लावून ती उपटली असती तर वरच्या विटा अंगावर आल्या असत्या. आणि तिच्या खालीच आजींचा पलंग. आधी तो हलवला, मगच काकांशी बोललो. यूपीव्हीसीची फ्रेम काच सांभाळते, भिंत नाही, हे त्यांना हात लावून दाखवलं तेव्हा पटलं.

मग इंजिनिअरला बोलावलं, दोन्ही बाजूंनी टेकू देऊन आधी वरचं लाकूड बदललं, आणि काम एका वेळी एकाच खिडकीचं. रस्त्याकडच्या खिडक्यांना मी नकोच म्हटलं, सागवान एकदम ठणठणीत, फक्त बिजागऱ्या गेलेल्या, त्या सुताराने बदलल्या. स्लायडिंग अर्धीच उघडते, झडपांची खिडकी पूर्ण, त्यामुळे आजी माझ्या बाजूने, त्यांना वारा हवा होता. माझी ऑर्डर निम्म्यावर आली पण तिथे नवीन बसवणं खरंच चुकीचं होतं.

नवीन बसवल्या तिथे शेवटच्या दिवशी मी स्वतः उभा होतो, कारण गिलावा करणारे ट्रॅकची पाणी जायची भोकं हमखास बुजवतात आणि मग पहिल्याच पावसात पाणी घरात.