सहज बसलेली नळी

बंदूक वडिलांची. बारा बोअरची, दोन नळ्या शेजारी-शेजारी असलेली दुनळी. त्यांच्यामागे ती मुलीकडे आली. मुलगीही वडिलांसारखीच बदकांच्या शिकारीला जाणारी, आणि हंगाम तोंडावर आलेला. माझ्या बंदूक-दुरुस्तीच्या दुकानात बंदुकीबरोबर बाईंनी एक लांबट पेटी आणली होती. पेटीत त्याच कारखान्याच्या, त्याच मॉडेलच्या नळ्यांची दुसरी जोडी होती, लिलावात मिळालेली.

"बसवायचं असं काही नाहीये खरं तर," त्या म्हणाल्या. "मी घरी लावून पाहिली. अगदी सहज मिटते. तुम्ही फक्त एकदा नजर टाका."

'सहज' म्हटलं की माझे कान टवकारतात. दुसरी जोडी जुन्या ॲक्शनवर, म्हणजे नळ्या जिच्यावर बसतात त्या मागच्या यंत्रणेवर, पहिल्यांदा ठेवली की ती अडली पाहिजे, पुरती मिटताच कामा नये. अडली म्हणजे धातू जास्त आहे, आणि जास्तीचा धातू कानशीने काढता येतो. पहिल्याच झटक्यात बसली, तर कमी पडलेला धातू आणायचा कुठून?

आधी मूळ जोडी हातात घेतली. नळीतून उजेडाकडे पाहिलं की आत प्रकाशाच्या गोल कड्या एकात एक दिसतात. उजव्या नळीत तोंडापासून वीतभर अलीकडे एका कडीला काळी सावली होती. बाहेरून बोट फिरवलं तर उंचवटा जेमतेम कळत होता. कधीतरी त्या जागी काहीतरी अडकलेलं होतं, चिखल असेल किंवा आधीच्या काडतुसाचा बोळा, आणि त्यावर बार निघाला. नळी फाटली नाही, फुगली. शिवाय दोन्ही तोंडांना फुल चोक, म्हणजे साडेअठरा मिलिमीटरची नळी तोंडाशी जवळपास एक मिलिमीटरने आवळलेली. शिशाचे छर्रे मऊ, ते दबून निघून जातात. पोलादी छर्रे दबत नाहीत. अमेरिकेत १९९१ पासून पाणपक्ष्यांच्या शिकारीत शिशाचे छर्रे देशभर बंद आहेत. पाण्यात पडलेलं शिसं पक्षी खड्यांबरोबर गिळतात आणि विषबाधेने मरतात. त्यामुळे पोलाद वापरायचं तर जुन्या, पातळ, फुल चोकच्या नळ्या नकोतच. जोडी बदलायचा बाईंचा निर्णय योग्यच होता.

आता नवी जोडी. बंदूक मिटल्यावर ती उघडायची वरची लिव्हर कुठे थांबते ते मी सगळ्यात आधी पाहतो. चांगल्या बसलेल्या दुनळीत ती मध्यापासून किंचित उजवीकडे थांबते. वर्षानुवर्षांच्या झिजेने सरकत मध्यावर येते, मग डावीकडे. मूळ जोडीवर ती बरोबर मध्यावर होती. नव्या जोडीवर मध्य ओलांडून डावीकडे गेली. मग पुढची लाकडी मूठ काढली. हे बहुतेक जण करत नाहीत. मुठीतली स्प्रिंग नळ्यांना मागे दाबून धरते आणि सगळा ढिलेपणा झाकून टाकते. मूठ काढून दस्ता काखेत धरला आणि नळ्या हलवल्या. खुट्, खुट्. नुसता आवाज नाही, हाताला जाणवत होतं.

बाईंचा चेहरा उतरला. "पण नंबर सोडला तर सगळं तेच आहे ना?"

गंमत अशी की त्या नंबरातच सगळं आलं. पंप किंवा ऑटोलोडर बंदुकांच्या नळ्या मशीनवर एकसारख्या निघतात. योग्य मॉडेलची आणली तर बहुतेकदा सरळ बसते. जुनी दुनळी तशी नसते. तिच्या नळ्या त्या एकाच ॲक्शनला हाताने घासून बसवलेल्या असतात. कारखान्याने दोन जोड्यांची बंदूक दिली असेल, तर दोन्ही जोड्यांवर एकच नंबर असतो, कारण दोन्ही त्याच सांगाड्यावर घासलेल्या असतात. ही जोडी दुसऱ्याच कुठल्या तरी बंदुकीची होती, आणि ती बंदूकही भरपूर वापरलेली.

फट कुठे आहे ते काजळीने दाखवलं. हे तंत्र जुनं आहे आणि त्याला तोड नाही. धूर सोडणाऱ्या वातीवर नळ्यांचं बूड धरायचं, काजळीचा अगदी पातळ थर बसू द्यायचा, बंदूक अलगद मिटायची आणि परत उघडायची. जिथे धातूला धातू लागला तिथली काजळी पुसून जाते. माझ्यासमोर दोन्ही चेंबरांच्या, म्हणजे काडतूस बसतं त्या पोकळ्यांच्या, भोवतालचा भाग जसाच्या तसा काळा होता. नळ्यांचं बूड ॲक्शनच्या उभ्या भिंतीला टेकतच नव्हतं. खालचे सपाट भाग मात्र चकचकीत पुसले गेले होते. नळ्या खाली नीट बसत होत्या, पण मागे जात नव्हत्या. कागदाची पट्टी फटीतून आरपार सरकली.

याचं मूळ हुकमध्ये. नळ्यांच्या खाली जो ठोकळा असतो, त्याच्या पुढच्या अंगाला अर्धगोल खाच असते, ती ॲक्शनच्या आडव्या पिनेवर फिरते. ही खाच झिजली की नळ्या पुढे सरकतात. अशी बंदूक उडते, नेम लागतो, माणूस खूश असतो. पण काडतुसाच्या बुडाला मागून आधार कमी मिळतो, दर बाराला नळ्या आपटतात आणि फट वाढतच जाते.

उपाय दोन. जाड पिन घालायची किंवा खाचेत धातू भरायचा. जाड पिन सोपी, पण मग मूळ जोडी त्या बंदुकीवर कधीच बसणार नाही. माझा नियम साधा आहे: आगंतुकाला घासायचं, घरच्याला नाही. वारशाच्या ॲक्शनला कानस लावली की ती परत तशी होत नाही. खाचेत पत्र्याचा तुकडा चिकटवून देणारेही आहेत, त्यांच्याविषयी न बोललेलं बरं.

म्हणून खाचेत टिग वेल्डिंगने धातू भरला. जोखीम उष्णतेची. दोन नळ्यांमधली पट्टी मऊ डाखाने जोडलेली असते आणि कथील-शिशाचा डाख १८३ अंशाला वितळायला लागतो. पट्टी सुटली तर सगळी जोडी उसवून परत जुळवावी लागते. ओल्या फडक्यात नळ्या गुंडाळून, एकेक ठिपका टाकत आणि मध्ये थांबत हे काम केलं. याच कारणाने दुनळीला गरम क्षारांच्या टाकीत बुडवून काळं करत नाहीत. ते क्षार डाख खातात. तिला गंज चढवून, उकळून, घासूनच रंग आणावा लागतो.

त्यानंतरचा वेळ काजळी आणि कानशीचा. आता नळ्या अडत होत्या, हवं तसंच. काजळी धरायची, मिटायला जायचं, चकाकलेल्या ठिपक्यावर बारीक कानस एक-दोनदा फिरवायची, पुसायचं, परत काजळी. जोर लावायचा मोह फार होतो. तो आवरला नाही तर पिनेवर ओरखडा उठतो. हळूहळू ठिपक्यांचा पट्टा झाला, मग दोन्ही चेंबरांच्या भोवती सारखी पुसट कडी उमटली. मिटतानाचा आवाजही बदलला. खडखड गेली, बुटका, घट्ट 'टक्' आला. लिव्हर मध्याच्या उजवीकडे थांबली.

एवढ्यावर काम संपत नाही. चेंबर गेजने मोजलं, नवी जोडी ७० मिलिमीटरची निघाली. मूळ ६५ ची. काडतुसाची लांबी बार झाल्यानंतरची धरतात. ७० चं काडतूस ६५ च्या चेंबरमध्ये गुपचूप बसतं, पण उघडताना त्याचं तोंड पुढच्या निमुळत्या भागात शिरतं आणि दाब वाढतो. म्हणजे नव्या जोडीची काडतुसं मूळ जोडीत कधीही घालायची नाहीत. आणि चेंबर ७० चं झालं म्हणून ॲक्शन बळकट झाली असंही नाही. म्हणून बंदूक प्रूफला पाठवली, तिथे नेहमीपेक्षा जास्त दाबाची काडतुसं उडवून पाहतात. लंडनच्या बंदूककारांच्या संघाची सनद १६३७ ची, बर्मिंगहॅमचं प्रूफ हाऊस १८१३ चं. इतकी वर्षं ही पद्धत टिकली, कारण डोळ्यांना आणि काजळीला पोलादाच्या आतलं दिसत नाही.

प्रूफहून परत आल्यावर बाईंना घेऊन कागदावर छर्रे मारले. ४० यार्डांवर ३० इंचांचं वर्तुळ. मॉडिफाइड, म्हणजे फुलपेक्षा कमी आवळलेल्या, चोकमधून त्यात साधारण ६० टक्के छर्रे पडावेत अशी अपेक्षा असते, आणि डावी नळी त्याच्या आसपास होती. गठ्ठा मात्र मध्याच्या वर. मी मारलं तेव्हा तो मध्यावर पडला. नळी सरळ होती, दस्ता वडिलांच्या मापाचा होता. बाईंची मान लांब, गाल लाकडावर नीट टेकत नव्हता.

"कापायचा?" त्यांनी विचारलं.

मी नको म्हणालो. हंगाम संपेपर्यंत तसाच वापरा, मग अंगाला काय खुपतंय ते नेमकं सांगता येईल. फुगलेल्या जोडीच्या दोन्ही चेंबरांत मी लाकडी बूच ठोकून दिले आणि 'उडवू नये' अशी चिठ्ठी बांधली. नव्या जोडीचा नंबर परवान्यावर चढवायला लागतो का, हे कायदा जिथला तिथे विचारावं लागतं. ते काम त्यांनी दुसऱ्या दिवसावर टाकलं. मी म्हटलं, आजच करा.