तयार ई-लर्निंग कोर्सना परदेशी खरेदीदार कसे शोधावेत

तयार कोर्सचा साठा हाताशी असला की बहुतेक जण मोठ्या परदेशी कंपन्यांच्या एचआर विभागांची यादी करायला घेतात. त्यात महिने वाया जातात. नवा पुरवठादार घ्यायचा तर अशा कंपनीला त्याची नोंदणी, माहिती-सुरक्षेची लांबलचक प्रश्नावली आणि वकिलांची तपासणी असं सगळं करावं लागतं, आणि वीस कोर्ससाठी एवढा खटाटोप कुणी करत नाही. तिला एकाच करारात हजारो कोर्स हवे असतात. ते पुरवणारे मधले व्यावसायिक हेच तुमचे खरे खरेदीदार.

त्यांत पहिले कंटेंट ॲग्रिगेटर. ऑस्ट्रेलियातलं गो-वन, अमेरिकेतलं ओपनसेसमी ही ठळक नावं. ते इतरांचे कोर्स आपल्या कॅटलॉगमध्ये ठेवतात आणि उत्पन्नातला वाटा देतात. दुसऱ्या, एलएमएस (कोर्स चालवण्याची आणि शिकणाऱ्यांची नोंद ठेवण्याची प्रणाली) विकणाऱ्या छोट्या-मध्यम कंपन्या. रिकामी प्रणाली विकणं अवघड, म्हणून त्यांना सोबत तयार कोर्स लागतात. तिसऱ्या, वर्गात प्रशिक्षण देणाऱ्या संस्था. सुरुवात दुसऱ्या गटापासून करावी, असं माझं स्पष्ट मत आहे. ॲग्रिगेटरच्या प्रचंड यादीत नव्या निर्मात्याचा कोर्स दिसतच नाही. एलएमएस कंपनीचा विक्रेता मात्र तो स्वतः ग्राहकाला दाखवतो.

नावं मिळवण्याची सोपी जागा म्हणजे व्यापारी प्रदर्शनं. लंडनचं लर्निंग टेक्नॉलॉजीज, जर्मनीत कार्ल्सरूहला भरणारं लर्नटेक, बर्लिनचं ओईबी. यांच्या वेबसाइटवर प्रदर्शकांची यादी असते, तिकीट न काढताही ती वाचता येते. त्या यादीतून एलएमएसवाले वेगळे काढा, प्रत्येकाचा कोर्स कॅटलॉग उघडा आणि एक्सेलमध्ये विषय, भाषा, कालावधी, निर्माता आणि दिसत असेल तर अद्ययावत केल्याचं वर्ष नोंदवा. तासाभरात त्यांच्याकडे काय नाही ते कळतं. मेलमध्ये नेमकी तीच उणीव लिहायची: ‘तुमच्याकडे गोदाम-सुरक्षेचे कोर्स इंग्रजीत आहेत, स्पॅनिशमध्ये नाहीत. आमचे सहा तयार आहेत, प्रत्येकी १५ मिनिटांचे, स्कॉर्म १.२ मध्ये.’ (स्कॉर्म म्हणजे कोर्स वेगवेगळ्या एलएमएसमध्ये चालावा यासाठी ठरलेलं फाइलचं स्वरूप.) खाली एका पूर्ण कोर्सची लिंक, नोंदणीशिवाय उघडणारी. कंपनीचा इतिहास सांगणारं माहितीपत्रक जोडू नका. मेल ‘इन्फो’च्या पत्त्यावर न पाठवता कंटेंट पार्टनरशिप किंवा प्रॉडक्ट सांभाळणाऱ्या माणसाला पाठवावी.

सरकारी निविदांसाठी युरोपीय संघाचं टेड हे पोर्टल मोफत आहे. ई-लर्निंग सेवांचा सीपीव्ही कोड (निविदांच्या विषयवार वर्गीकरणाचा क्रमांक) ८०४२००००, तो टाकून शोधा. नवख्याला तिथे थेट जिंकणं कठीण, कारण उलाढालीची आणि आधीच्या कामाची अट असते. पण निकालाच्या सूचनेत विजेत्याचं नाव छापलेलं असतं, आणि त्याला तयार आशयाची गरज लागू शकते. त्याला लिहा.

समोरून उत्तर आलं की पहिली परीक्षा फाइलची. झिप करताना आतल्या फाइली निवडण्याऐवजी अख्खं फोल्डर निवडलं, तर मॅनिफेस्ट फाइल (पॅकेजमध्ये काय काय आहे त्याची यादी) एक पायरी आत जाते आणि एलएमएस पॅकेज नाकारतो. ही चूक फार सर्रास होते. दुसरी अडचण स्कॉर्म १.२ ची: कोर्स कुठवर झाला ही नोंद ठेवायला त्यात ४,०९६ अक्षरांचीच जागा असते. खूप स्लाइड आणि प्रश्न असलेल्या कोर्समध्ये ती भरते आणि शिकणारा परत आला की कोर्स पहिल्यापासून सुरू होतो. स्कॉर्म २००४ च्या तिसऱ्या आवृत्तीत ही मर्यादा ६४,००० आहे, पण तो मार्ग धरण्यापेक्षा कोर्स १५-२० मिनिटांच्या भागांत तोडावा. खरेदीदारही लहानच मागतात. शिवाय १.२ मध्ये ‘पूर्ण’ आणि ‘उत्तीर्ण’ यांची नोंद एकाच रकान्यात होते, तेव्हा तुमचा कोर्स यातलं काय पाठवतो ते आधीच लिहून द्या. पॅकेज स्कॉर्म क्लाउड ही चाचणीची सेवा आणि मूडल हा मोफत एलएमएस, दोन्हींवर चालवून पाहा.

अमेरिकी संघराज्य सरकारला पुरवठा करणारा खरेदीदार सेक्शन ५०८ बद्दल, म्हणजे अपंगांनाही वापरता यावं या कायद्याच्या अटीबद्दल, विचारेल आणि व्हीपॅट हा त्या अटी किती पाळल्यात ते सांगणारा तक्ता भरून मागेल. मजकूर आणि पार्श्वभूमीतला कॉन्ट्रास्ट किमान ४.५:१, व्हिडिओला कॅप्शन आणि सगळं कीबोर्डने चालणं ही त्यातली मुख्य कलमं. ओढून सोडायचे प्रश्न इथे हमखास अडकतात, त्यांना साध्या निवडीचा पर्याय ठेवा.

आशयात कायदा, आपत्कालीन क्रमांक, चलन, तारखेची पद्धत हे वेगळ्या स्लाइडवर ठेवलं की देशागणिक तेवढंच बदलता येतं. चित्रात मजकूर कोरू नका, नाहीतर एक्सलिफ फाइल (कोर्समधला मजकूर अनुवादासाठी वेगळा काढलेली) अनुवादकाला देऊनही अर्धे शब्द मागेच राहतात. जर्मन मजकूर इंग्रजीपेक्षा बराच पसरतो, चौकटीत एक तृतीयांश जागा मोकळी असू द्या.

हक्कांची कागदपत्रं करारापूर्वीच गोळा करा: लेखक आणि निवेदकाकडून लेखी हस्तांतर, फॉन्टचा परवाना, स्टॉक चित्रांचा परवाना. स्वतःच्या कोर्समध्ये चित्र वापरायला परवानगी असली तरी ते सोर्स फाइलसह दुसऱ्याला द्यायला बहुधा नसते. म्हणून सोर्स फाइल मागितली तर किंमत वेगळी आणि चित्रांची तपासणी आधी. एरवी वर्षभराचा, एकाधिकार नसलेला परवाना द्यावा. एकाधिकार हवाच असेल तर प्रदेश, मुदत आणि किमान रकमेची हमी या तिन्ही गोष्टी करारात आल्या पाहिजेत.

डिस्पॅच पॅकेज दिलं तर खरेदीदाराच्या एलएमएसमध्ये एक छोटी फाइल जाते आणि आशय तुमच्याच सर्व्हरवरून चालतो. मुदत संपली की तो बंद करता येतो, वापरही मोजता येतो. मात्र ग्राहकाच्या फायरवॉलमध्ये तुमच्या डोमेनला आधी परवानगी मिळायला हवी. नाहीतर पहिल्याच दिवशी कोरा पडदा दिसतो.

पैशांबाबत दोन गोष्टी करारात हव्यात. रॉयल्टीचा हिशेब तिमाहीला आणि वापराच्या आकड्यांसह मिळावा. परदेशात कापला जाणारा कर कोणाच्या वाट्याचा हेही स्पष्ट असावं. अमेरिकी कंपनी पैसे देण्याआधी परदेशी कंपनीकडून डब्ल्यू-८बेन-ई हा करविषयक फॉर्म मागते, आणि दुहेरी करआकारणीच्या करारातला कमी दर हवा असेल तर तो त्यातच मागावा लागतो. इतर अनेक देशांत यासाठी करनिवासाचा दाखला (करासाठी तुम्ही कुठल्या देशाचे रहिवासी आहात याचा) लागतो. तो हातात यायला वेळ जातो, म्हणून अर्ज पहिल्या इन्व्हॉइसच्या बराच आधी करावा.